कार्बोरेटर ट्युनिंगसाठी अमळनेरचं आप्पांचं गॅरेज: माझा अनुभव

खान्देशात कोणाकडे जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल आणि ती स्लोला (थ्रॉटल सोडून उभी असताना इंजिन ज्या कमी वेगाने फिरतं तो) टिकत नसेल, चौफुलीला बंद पडत असेल, नाहीतर थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील, तर अमळनेरला चोपडा रोडच्या बाजूला आप्पांचं गॅरेज आहे तिथे गाडी न्या, हे आधीच सांगून टाकतो, बाकीचं सगळं नंतर. पत्र्याची शेड आहे, बोर्ड वगैरे काही नाही, आणि पूर्ण नाव नि नंबर टाकू नको असं आप्पांनीच सांगितलंय कारण गाड्या आधीच लाईनला असतात आणि फोन उचलायला त्यांचे हात ऑइलचे, त्यामुळे टाकत नाही. त्या बाजूला कोणालाही बुलेटवाले आप्पा विचारा.

माझी गाडी बुलेट स्टँडर्ड ३५०, कास्ट आयर्न इंजिन, २००४ चं मॉडेल, वडिलांनी घेतलेली. कार्बोरेटर मिककार्बचा, साधा स्लाईडवाला व्हीएम टाईप. त्रास असा होता की धरणगावहून जळगावला जायचं, रस्त्याने गाडी मस्त, काही तक्रार नाही, आणि अजिंठा चौफुलीला थांबलं की रेस आधी वर अडकून राहायची, थ्रॉटल पूर्ण सोडला तरी खाली यायची नाही, आणि मग एकदम खाली येऊन धप्प बंद. गरम इंजिनाला परत किक मारायची म्हणजे भर उन्हात मागून हॉर्न वाजतायत आणि आपण घामाघूम. जळगावच्या एका वर्कशॉपला दाखवली, नाव घेत नाही, तिथे पोरगं आलं, इंजिन बंद असतानाच कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू (एक स्लोचा, एक मिक्श्चरचा) फिरवले, मग चालू करून स्लो वाढवून दिला, झालं म्हणे. स्लो वाढवल्यावर गाडी बंद पडत नाही हे खरं, पण पहिला गियर टाकताना खाडकन आवाज येतो, ब्रेक मारला तरी गाडी पुढे ढकलते, आणि मूळ दुखणं तसंच. याला ट्युनिंग म्हणत नाहीत.

आप्पांकडे मला जे सगळ्यात पटलं ते हे की त्यांनी मिक्श्चरच्या (म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाच्या) स्क्रूला शेवटी हात लावला. बाकी सगळीकडे तोच पहिला फिरवतात कारण तो बाहेर दिसतो आणि फिरवायला सोपा असतो. आप्पा म्हणतात की हा स्क्रू फक्त शेवटचा बारीक हिशोब जुळवायला आहे, आधीचं काहीतरी बिघडलेलं असेल तर तो फिरवून तुम्ही बिघाड झाकता, काढत नाही. आणि माझ्या गाडीत अगदी तेच निघालं.

पद्धत सांगतो कारण वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी ठेवून घेतात. का, तर बुलेटचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, म्हणजे पुशरॉडची सेटिंग) थंड इंजिनवरच बघायचे असतात. सकाळी गार इंजिनवर पुशरॉड बोटांनी फिरवून बघितला, सहज फिरला पाहिजे पण वरखाली खेळ नको. माझा एक्झॉस्टचा जरा टाईट होता तो सैल केला. टॅपेट टाईट असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि स्लोला गाडी डळमळते, मग तुम्ही कार्बोरेटर कितीही फिरवा. मग प्लग काढला, गॅप बघितला, एअर फिल्टर काढून झटकला, आणि त्यातून जी धूळ निघाली ती बघून मलाच कसंतरी झालं. आपल्याकडे हायवेची चौपदरीकरणाची कामं किती काळ चालली ते सगळ्यांना माहीतय, वरून हंगामात जिनिंगजवळून रोज जाणं असेल तर कापसाचे तंतू वेगळे. फिल्टर चोंदला की हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि तुम्ही जर चोंदलेल्या फिल्टरवर ट्युनिंग करून घेतलं तर फिल्टर बदलला की सगळं परत चुकतं. इतकी साधी गोष्ट आहे पण कोणी सांगत नाही.

मग गाडी चालू करून आप्पांनी एक पाण्याची स्प्रे बाटली घेतली (केस कापणाऱ्याकडे असते तशी) आणि कार्बोरेटर जिथे हेडला बसतो त्या जोडावर हलका फवारा मारला. इंजिनाचा आवाज लगेच बदलला! म्हणजे तिथून चोरून हवा आत जात होती. ही हवा कार्बोरेटरच्या हिशोबात नसते, त्यामुळे स्लोला मिक्श्चर पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस अडकते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते. माझी जी जी तक्रार होती ती सगळी या एका फटीतून येत होती. कार्बोरेटर काढला तर फ्लँज (जोडावर बसणारी सपाट बाजू) वाकलेली. दोन नट असतात, कोणीतरी कधीतरी जोर लावून आवळलेत आणि नरम धातूची फ्लँज मधून उचलली गेलीय. आप्पांनी जाड काच घेतली, त्यावर पॉलिश पेपर ठेवला, ऑइलचे दोन थेंब, आणि फ्लँज त्यावर गोल गोल घासत बसले, मधे मधे उचलून उजेडाला धरून बघायचे, परत घासायचे. बराच वेळ चाललं ते. नवीन कार्बोरेटर घाल म्हणाले असते तर मी घातलाही असता, मार्केटमध्ये डुप्लिकेट कार्बोरेटर ढिगाने मिळतात, पण आप्पांचं म्हणणं ओरिजनल बॉडी चांगली असेल तर डुप्लिकेटपेक्षा तीच दुरुस्त करायची, डुप्लिकेटमध्ये जेटच्या भोकाचा भरवसा नाही.

पायलट जेट (स्लोला पेट्रोल सोडणारा) काढून दाखवला. एवढंसं भोक असतं त्याला, त्यात अर्धं पिवळट किटण बसलेलं. बऱ्याच ठिकाणी क्लचच्या केबलची तार काढून त्यात खुपसतात, मी डोळ्यांनी बघितलंय, त्याने भोक मोठं होतं आणि जेट कायमचा वाया जातो. इथे क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या प्रेशरने साफ केला, हट्टी घाण होती तिला नायलॉनचा बारीक दोरा घातला, तार नाही. बाऊलच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाला पाणी पण निघालं थोडं. ते आता इथेनॉलमुळे जास्त होतं, ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बाऊलचा स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढून टाकायचं.

इथेनॉलचा आणखी एक मुद्दा त्यांनी सांगितला तो जुन्या गाडीवाल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावा. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो म्हणून ई२० ला हवा त्यापेक्षा कमी लागते. पण आपला कार्बोरेटर तर जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने सेट केलेला, त्याला काय कळतं टाकीत काय ओतलंय, तो तेवढीच हवा देत राहतो, म्हणजे मिक्श्चर आपोआप पातळ होतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो, कार्बोरेटरच्या गाडीत ते हाताने करावं लागतं. गेल्या काही काळात माझ्या ओळखीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना स्लोचा त्रास सुरू झालाय त्यामागे हेही एक कारण असणार असं मला वाटतं.

एवढं सगळं जोडून झाल्यावर गाडी गावाबाहेर नेऊन फिरवून आणली, चांगली गरम होईपर्यंत. थंड इंजिनवर मिक्श्चर सेट करणं म्हणजे वेळ वाया, गरम झाल्यावर ते बदलणारच. मी मधेच पेचकस हातात घेऊन बघू लागलो तर लगेच आवाज आला, "पिळू नको रे भो, हाऊ नट नही शे." (हा नट नाही.) स्क्रूचं टोक सुईसारखं असतं, आत जोरात आवळलं तर टोकाला वळ पडतो नाहीतर बॉडीतली जागा खराब होते, आणि मग आयुष्यभर सेटिंग बसत नाही. म्हणून आत नेताना दोन बोटांनी, टेकला असं वाटलं की थांबायचं.

आणि आधी मोजायचं, की आता तो किती फेरे उघडा आहे. माझा फक्त अर्धा फेरा उघडा निघाला. म्हणजे काय तर चोरटी हवा आत येतेय म्हणून मिक्श्चर पातळ, ते जाड करायला कोणीतरी स्क्रू आत आत नेत गेलंय (माझ्या गाडीत हा हवेचा स्क्रू आहे, आत नेला की हवा कमी होते). नंतर टेकवून दीड फेरा बाहेर काढला, गाडी चालू केली, स्लो जरा वर ठेवला, आणि पाव पाव फेरा फिरवायला सुरुवात. पाव फेरा बाहेर, मग थांबायचं, चार-पाच सेकंद इंजिनाला वेळ द्यायचा, कारण आवाज लगेच बदलत नाही. मग परत पाव. भरताचं वांगं काड्यांच्या जाळावर थोडं थोडं फिरवत राहतात, घाई केली की एका बाजूने करपतं नि दुसरीकडे कच्चं, तसं आहे हे काम. एका जागेला आवाज सगळ्यात वर जातो आणि ठोका एकसारखा होतो, अजून बाहेर काढलं की इंजिन डगमगायला लागतं, आत नेलं की आवाज घोगरा होतो, जड होतो, पेट्रोलचा वास येतो. त्या दोन्हीच्या मधली जागा. "कान दी आयक," म्हणाले, आणि खरंच ऐकू येतं, एकदा कळलं की विसरायला होत नाही. मग वर गेलेला स्लो दुसऱ्या स्क्रूने खाली आणला, परत मिक्श्चर बघितलं, परत स्लो. असं दोन-तीनदा. शेवटी थ्रॉटल एकदम उघडून बघितला, अडखळली नाही, सोडला, रेस सरळ खाली येऊन बसली. स्क्रू दीड फेऱ्याच्या जवळपासच थांबला. स्क्रू पाऊण फेऱ्याच्या आत किंवा अडीचच्या पुढे जाऊन थांबत असेल तर समजायचं की जेट चोंदलाय नाहीतर साईज चुकीची आहे नाहीतर कुठेतरी हवा घेतेय.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण यात बरेच जण गोंधळतात. स्क्रू जर कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर काढला की हवा वाढते म्हणजे मिक्श्चर पातळ. माझ्या बुलेटचा असा आहे, आरएक्स १०० चाही असाच. आणि स्क्रू इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो तयार मिक्श्चर सोडतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, म्हणजे बरोबर उलटं! मावसभावाच्या पल्सरचा सीव्ही टाईप कार्बोरेटर आहे त्याचा स्क्रू असा इंजिनाकडे. तेव्हा मित्राने सांगितलं अर्धा फेरा उघड म्हणून उघडला असं करू नका, आधी आपला स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा.

अॅव्हरेजबद्दल पण सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येणार. हा स्क्रू स्लोपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच काम करतो, त्याच्या पुढे जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणारी सुई आणि मग मेन जेट. त्यामुळे हायवेला साठने जाताना याने फार फरक पडणार नाही, आणि जो मेकॅनिक फक्त हा स्क्रू फिरवून दहाने अॅव्हरेज वाढवतो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. गावात, बाजारात, अर्धा वेळ क्लच दाबून चालवताना मात्र फरक कळतो. आप्पांनी अॅव्हरेजचा एक शब्दही काढला नाही, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

आणखी एक, ते ऐकत नाहीत. माझ्यासमोर एक जण आला होता, त्याला बुलेटचा स्लो एकदम खाली पाहिजे होता, एकेक ठोका मोजता आला पाहिजे असा. आप्पांनी सरळ नाही सांगितलं. एवढ्या खाली स्लो ठेवला की ऑइल पंप पण तेवढाच हळू फिरतो, वर हेडला ऑइल नीट पोचत नाही, आणि बुलेटचा बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) असाही ऑइलच्या जिवावर जगतो. तो गिऱ्हाईक नाराज होऊन गेला, पण आप्पा मिनिटाला हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपासच ठेवतात, त्याच्या खाली नाही. मला हे फार आवडलं. गिऱ्हाईकाला पाहिजे ते देणारे खूप आहेत, गाडीला पाहिजे ते देणारा मिळत नाही.

नंतर पीयूसी काढली. पीयूसीला पेट्रोल गाडीचा सीओ (कार्बन मोनॉक्साईड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) स्लोलाच मोजतात, म्हणजे थेट हीच सेटिंग तपासली जाते. ३१ मार्च २००० नंतरच्या माझ्यासारख्या फोरस्ट्रोक गाडीला सीओची मर्यादा ३.५ टक्के आहे, रीडिंग तिच्या बरंच खाली आलं. पीयूसीवाला दोनदा गाडीकडे बघत होता की एवढ्या जुन्या बुलेटचं कसं काय.

मग तोरणमाळला नेली. शहाद्याहून वर घाट चढताना गाडी मस्त ओढते, पण वर पोचलं की, म्हणजे समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे ना ते, हवा विरळ होते आणि स्लो जरा जड वाटतो. आप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं, वर मुक्काम असेल तर हवेचा स्क्रू पाव फेरा बाहेर काढ आणि खाली उतरल्यावर परत जागेवर आण. केलं, ठोका लगेच मोकळा झाला. ऋतूचंही तेच आहे. डिसेंबरच्या थंडीत सेट केलेली गाडी मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस डिग्रीत थोडी जड होणार कारण गरम हवा विरळ असते, त्यामुळे वर्षातून दोनदा पाव फेऱ्याची डागडुजी चालायचीच, त्यात गाडीचा दोष नाही.

आता जे नाही आवडलं ते पण लिहितो. वेळ खूप लागतो, घाई असेल तर जाऊच नका. बसायला जागा नाही, उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी बारानंतर उभं राहवत नाही, प्यायला माठातलं पाणी आहे तेवढंच सुख. पक्कं बिल मिळत नाही. सीव्ही कार्बोरेटरचा अनुभव त्यांचा बरा आहे पण स्पेअर ठेवत नाहीत, मावसभावाच्या पल्सरचा डायफ्राम (कार्बोरेटरमधला रबरी पडदा) फाटलेला निघाला तर तो जळगावहून आणून द्यावा लागला. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस६ (प्रदूषणाचे कडक नियम) आल्यावर बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या झाल्या, त्या ते घेतच नाहीत, मला मशीन वाचता येत नाही म्हणून सरळ सांगतात. खोटं सांगून घेण्यापेक्षा हे बरं, पण नवीन गाडीवाल्यांना माहीत असलेलं बरं.

पैसे म्हणाल तर नुसत्या ट्युनिंगचे २०० रुपये, माझं फ्लँज, टॅपेट, कार्बोरेटर क्लीनिंग, ओ रिंग नि गॅस्केट सगळं धरून ६५० झाले. ज्या वर्कशॉपने नुसता स्लो वाढवून दिला त्यांनी याच्यापेक्षा जास्त घेतले होते. काढलेली ओ रिंग, फाटलेलं गॅस्केट सगळं हातात देतात, बघून घे म्हणतात. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा वेळेसाठी आणि बिलासाठी कापला.

एक गोष्ट माझ्या मनात राहतेच. त्यांच्याकडे एक पोरगा हाताखाली आहे, विशीतला, आप्पा त्याला प्रत्येक गाडीवर आधी फेरे मोजायला लावतात आणि वहीत गाडी नंबर टाकून लिहून ठेवतात, किती फेऱ्यावर आली, कोणत्या महिन्यात, जेट कोणता. माझीही नोंद आहे त्यात. पुढच्या वेळी स्क्रू जागेवरून हलला असेल तर का हलला याचा शोध तिथूनच सुरू होतो. हे एवढं शिस्तीचं काम मी मोठ्या शोरूमला पण बघितलं नाही, आणि हा पोरगा टिकला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण खान्देशात अजून हजारो स्प्लेंडर, बुलेट, आरएक्स रस्त्यावर आहेत आणि त्यांना कानाने ऐकणारे हात कमी होत चाललेत.

जायचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी ठेवा, नाहीतर सकाळी लवकर पोचा आणि इंजिन गार होईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मंगळवार शक्यतो टाळा, मंगळग्रह मंदिरामुळे गावात बाहेरच्या गाड्यांची खूप गर्दी असते आणि ट्रायल घ्यायला रस्ता मोकळा मिळत नाही. टाकीत निदान दोन लिटर पेट्रोल असू द्या, रिझर्व्हवर आणलेली गाडी ते ट्युनिंगला घेत नाहीत, तळातला कचरा परत जेटमध्ये जातो म्हणून.